बाबांच्या नावाचा मीटर आणि माझी हिरव्या पाटीची गाडी

गोवा सरकारची इलेक्ट्रिक गाड्यांवरची सबसिडी ३१ जुलै २०२२ ला बंद झाली. मग तिच्याबद्दल आता एप्रिल २०२३ मध्ये लिहून काय उपयोग, असं बायकोने विचारलं. प्रश्न बरोबर आहे. पण गेल्या वर्षभरात माझी जी धावपळ झाली, तिच्यातला सबसिडीचा भाग फार तर चौथा हिस्सा. बाकीची सगळी मीटर, अर्थिंग, कर्ज, नोंदणी आणि एका अक्षराच्या घोळापायी. ती कोणालाही चुकणार नाही, सबसिडी असो वा नसो. म्हणून लिहितो.

मी फोंडा तालुक्यात बांदोड्याला राहतो, नोकरी पणजीत. फर्मागुढी, म्हार्दोळ, बाणस्तारीचा पूल, कदंब पठार असा रोजचा रस्ता. जाऊन-येऊन, मुलीला क्लासला सोडणं धरून, साठेक किलोमीटर. जुनी पेट्रोल गाडी लिटरला पंधरा द्यायची. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दीड हजार किलोमीटर, म्हणजे शंभर लिटर. हा हिशोब इतका सोपा आहे की टाळायचा म्हटला तरी टाळता येत नाही. पेट्रोलचा जो भाव, त्याच्यापुढे दोन शून्यं, तेवढा माझा महिन्याचा खर्च.

२०२१ च्या दिवाळीला केंद्राने पेट्रोलवरचं अबकारी शुल्क पाच रुपयांनी उतरवलं, राज्यानेही वर सात रुपयांची सूट दिली, तेव्हा जरा बरं वाटलं होतं. त्यानंतर चारेक महिने भाव जागचा हलला नाही. पाच राज्यांच्या निवडणुका आटोपल्या, तिकडे युक्रेनचं युद्ध पेटलं, आणि २२ मार्च २०२२ पासून सुरू झालं. सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ. बहुतेक वेळा ऐंशी पैसे, एकूण दहा रुपये. ऐंशी पैसे ही फार लबाड रक्कम आहे, एका दिवसात कळत नाही. मला कळलं ते पंपावर. नेहमी दोन हजारांचं भरलं की काटा जिथे यायचा, त्याच्या बराच अलीकडे थांबला. मी पंपावरच्या पोराकडे पाहिलं, त्याने नुसते खांदे उडवले.

सबसिडीचं आधी माहीत होतं. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याचं धोरण आलं तेव्हा ऑफिसात चर्चा झाली होती. बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला, म्हणजे तिच्यात मावणाऱ्या विजेच्या दर युनिटाला, दहा हजार रुपये. दुचाकीला जास्तीत जास्त तीस हजार, चारचाकीला तीन लाख. मी बघत होतो ती टाटाची इलेक्ट्रिक मोटार, टिगोर ईव्ही. बॅटरी २६ किलोवॅट-तासांची, म्हणजे दोन लाख साठ हजार. शोरूममधली किंमत तेरा लाखांच्या आसपास. पाचवा हिस्सा सरकार देणार म्हटल्यावर माझ्यासारखा काटकसरी माणूसही हलतो.

२ एप्रिलला पाडवा होता. सकाळी गुढी उभारली आणि दहा वाजता शोरूममध्ये जाऊन एकवीस हजार भरले. तिथल्या मुलाने कागदावर हिशोब मांडून दिला. मी त्याला म्हटलं, यात केंद्राची सबसिडी दिसत नाही. तो म्हणाला, खासगी गाडीला ती नाहीच. घरी येऊन वाचलं तेव्हा पटलं. केंद्राच्या तेव्हाच्या फेम-२ योजनेत चारचाकी यायची ती टॅक्सीसारखी भाड्याची. आपल्या दारात उभी राहणारी नाही. दुचाकी मात्र खासगी असली तरी चालायची. माझ्या डोक्यात केंद्राचे दीड लाख कुठून शिरले होते कोण जाणे, बहुतेक कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपमधून. घरी मी तो आकडा सांगूनही बसलो होतो. तो परत घेताना तोंड पडलं. केंद्राकडून मिळत होतं ते वेगळ्या वाटांनी: गाडीवर जीएसटी फक्त पाच टक्के (पेट्रोल गाडीला तेव्हा अठ्ठावीस आणि वर सेस), नोंदणी शुल्क माफ, आणि कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

गाडीला चार महिने थांबावं लागेल असं शोरूमने सांगितलं. गाड्यांत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा तेव्हा सगळ्यांनाच होता. मला वाटलं, बरं झालं, तोवर चार्जिंगची सोय सावकाश करू. सावकाश!

८ एप्रिलला वीज कचेरीत गेलो. आमच्या घराला मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढता येते ती मर्यादा, दोन किलोवॅट. गाडी घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर तीन किलोवॅटच्या वर ओढते. त्यात गिझर आणि विहिरीवरचा पंप. पाच किलोवॅट करून घे, असं आमच्या इलेक्ट्रिशियनने बजावलं होतं. खिडकीतल्या बाईंनी बिल बघितलं आणि विचारलं, "हे कोण?"

"माझे वडील."

"आसात?"

नाहीत. २०१६ मध्ये गेले. सहा वर्षं दर महिन्याला त्यांच्या नावाने बिल येत होतं आणि आम्ही भरत होतो. कोणाला कधी वावगं वाटलं नव्हतं. भार वाढवायचा तर अर्ज ग्राहकाने करायचा, आणि ग्राहक तर नाही. म्हणजे आधी मीटर माझ्या नावावर, मग भारवाढ. बाईंनी न चिडता, न घाई करता कागदांची यादी लिहून दिली: मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, माझं आधार, आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. लग्न झालं की वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते. त्यामुळे घराच्या कागदावर भावाची सही घेतली की काम झालं असं होत नाही. "वयनीचीय सही जाय," बाई म्हणाल्या. म्हणजे आई, वास्कोचा भाऊ आणि वहिनी, सावंतवाडीची बहीण आणि तिचे यजमान. पाच सह्या, एका प्लगसाठी.

भाऊ-वहिनीचं काम एका रविवारी उरकलं. बहिणीकडे गेलो तेव्हा भावोजी म्हणाले, "अहो, मीटरसाठी मला कसली हरकत असणार?" आणि तरीही कागद दोनदा वाचून मगच सही केली. मला ते आवडलं. सही करताना असंच वाचावं.

आईचं वेगळं झालं. ती अंगणात बिंडां, म्हणजे कोकमं, सुकत घालत होती. मी पेन पुढे केलं. तिने विचारलं, "बाबाचें नांव कित्याक काडटा रे?" म्हणजे, कशाला काढतोस?

मी समजावलं. भार, अर्ज, ग्राहक. तिने ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि सही केली. तिची सही म्हणजे सात अक्षरं, प्रत्येक सुटं. सही झाल्यावर म्हणाली, आता या घरात त्यांच्या नावाने काहीच यायचं नाही. मला उत्तर सुचलं नाही. सबसिडीच्या कुठल्याच माहितीपत्रकात हा भाग नसतो.

पुढची अडचण आडनावाची. आम्ही नाईक. बाबांचा जन्म १९४८ चा, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतला. त्या दप्तरात नाईक लिहिताना शेवटी क्यू, यू, ई अशी तीन अक्षरं लावत. जन्माच्या नोंदीत, जुन्या घरपट्टीत आणि मीटरवर तीच स्पेलिंग. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र साधा के. "हें नांव जुळना," खिडकीतून आवाज आला. ही दोन्ही माणसं एकच, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडे करून दिलं, अडीचशे रुपये. गोव्यातल्या ज्या वाचकांच्या घरी जुने कागद आहेत त्यांना कळकळीने सांगतो: हे प्रतिज्ञापत्र एकदा करायचंच असेल तर आपल्या स्वतःच्या नावाचंही त्याच वेळी करून ठेवा. मी एकच केलं आणि सहा महिन्यांनी पस्तावलो.

कागद कचेरीत फिरत होते तोवर अर्थिंगचं काम काढलं. हा भाग मी मुद्दाम लांबवून लिहिणार आहे, कारण याबद्दल मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

गाडीच्या चार्जिंगच्या वायरीला एक डबी असते. प्लगमध्ये घातल्यावर ती आधी अर्थ तपासते. अर्थ नीट नसेल तर लाल दिवा लावून बसते, चार्जिंग करत नाही. घरातला फ्रीज, मिक्सर, टीव्ही वर्षानुवर्षं खराब अर्थिंगवर चालतात, तक्रार करत नाहीत. गाडी करते. आमचा इलेक्ट्रिशियन १० मे ला मल्टिमीटर घेऊन आला. फेज आणि न्यूट्रल २३४ व्होल्ट. छान. न्यूट्रल आणि अर्थ? आकडा अकरावर जाऊन थांबला. दोन-तीनच्या आत हवा. त्याने दुसऱ्या प्लगवर लावून बघितलं, तिसऱ्यावर लावलं, मग परसात जाऊन जुन्या अर्थिंगची तार ओढली. ती हातात आली. खाली पाइप नव्हताच, गंजून नुसती लाल भुकटी राहिली होती.

"पात्रांव, हांगा अर्थच ना," तो म्हणाला. मालक, इथे अर्थच नाही.

नवा खड्डा खणायचा ठरलं. मे महिना, जमीन जांभ्याची. कुदळ मारली की ठिणगी उडायची. विहिरीच्या बाजूला, जिथे भांडी घासल्याचं पाणी मुरतं तिथे, दोन माणसं सकाळपासून दुपारपर्यंत खणत होती. सहा फुटांवर थोडी ओल लागली. मग तांब्याचा पाइप उभा केला, त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर माती. मीठ वीस किलो. दुकानदाराने विचारलं, मे महिन्यात एवढं मीठ, कैऱ्या घालताय काय? वरती चिऱ्यांचं छोटं चौकोनी आळं बांधलं आणि त्यात चार बादल्या पाणी ओतलं. इलेक्ट्रिशियनने पुन्हा मीटर लावला. पाच. तासभर थांबलो, चहा झाला, आणखी दोन बादल्या घातल्या. दीड व्होल्ट. त्याने मला मल्टिमीटर हातात धरून बघायला दिला, बारशाचं बाळ दाखवावं तसा. जाताना बजावून गेला की एप्रिल-मे महिन्यात आठवड्याला एक-दोन बादल्या त्या आळ्यात घालायच्या. जांभा पाणी धरत नाही, सुकला की आकडा परत चढतो.

खड्डा, पाइप, मजुरी धरून साडेसहा हजार. मीटरपासून पोर्चपर्यंत चौदा मीटर तांब्याची चार स्क्वेअर मिलिमीटरची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी (भार वाढला किंवा वीज गळली तर आपोआप बंद होणारी बटणं), चांगल्या कंपनीचा पंधरा अँपिअरचा सॉकेट, सगळं मिळून आणखी आठ हजार आठशे. सॉकेटमध्ये पैसे वाचवू नका. रात्रभर, सलग आठ-नऊ तास पूर्ण भार ओढणारं घरात दुसरं काहीच नसतं. स्वस्त सॉकेट गरम होऊन वितळतो. पोर्चमध्ये पावसाची झड येते, म्हणून झाकणवाली पेटी लावली.

२१ मे च्या रात्री केंद्राने पेट्रोलवरचं अबकारी शुल्क आठ रुपयांनी कमी केलं. बातमी बघून बायको म्हणाली, "आता गाडी रद्द करायची का?" गमतीत म्हणाली, पण मी खरंच बसून हिशोब केला. पेट्रोल अगदी दहा रुपयांनी उतरलं असं धरलं तरी माझे महिन्याला हजारच वाचणार होते. आणि खड्डा तर खणून झाला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मीटर माझ्या नावावर झाला, भार पाच किलोवॅट झाला. परवानाधारक कंत्राटदाराचा तपासणी अहवाल लागला, तो आमच्याच इलेक्ट्रिशियनने ओळखीच्या माणसाकडून आणला, बाराशे रुपये. अर्ज केल्यापासून जवळजवळ दोन महिने, त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ माझ्याच कागदांनी खाल्ला. म्हणून पहिली सूचना: गाडी बुक करण्याच्या आधी विजेचं बिल उघडा आणि वरचं नाव वाचा.

कर्ज १७ जूनला मंजूर झालं. नऊ लाख, सात वर्षं. इथे एक गोष्ट जपा म्हणालो असतो, पण आता तिची मुदत संपली. आयकराच्या ८०ईईबी कलमात इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाला वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट आहे. पण कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ यांच्या दरम्यान मंजूर झालेलं हवं. मुदतीत मंजूर झालेल्यांनी मंजुरीपत्र आणि बँकेचा व्याजाचा दाखला जपून ठेवा, कर्ज फिटेपर्यंत वजावट घेता येते. फक्त जुन्या कररचनेत राहावं लागतं. माझं पहिल्या वर्षाचं व्याज साधारण त्रेचाळीस हजार झालं, त्यावर कर वाचला नऊ हजारांच्या आत. दीड लाख हा आकडा ऐकून मी जितका खूष झालो होतो तितकं काही ते नव्हतं.

कर्जाच्या बाबतीत मी एकच शहाणपणा केला, तोही बायकोच्या सांगण्यावरून. सबसिडी धरली नाही. गाडीचे पूर्ण पैसे आपण द्यायचे, सबसिडी नंतर खात्यात. मला वाटलं होतं अडीच लाखांचं कर्ज कमी काढून तेवढे नातेवाइकांकडून हातउसने घ्यावेत, सबसिडी आली की फेडावेत. तिने सांगितलं, जे पैसे दिसत नाहीत ते मोजू नकोस. तसं केलं नसतं तर नऊ महिने भावोजींना तोंड दाखवता आलं नसतं.

१४ जुलैला शोरूममधून फोन. गाडी यार्डात आली आहे, आणि दुसरं म्हणजे सबसिडी महिनाअखेर बंद होणार असं ऐकतोय, घाई करा. पोटात गोळा आला. पावसाचे दिवस. पुढचे आठ दिवस मी ऑफिसात नुसता देहाने होतो. विमा, बँकेचा धनादेश, फोंड्याच्या वाहतूक कचेरीत नोंदणी. विम्याच्या कागदावर एक छान गोष्ट दिसली. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. हजार ते पंधराशे सीसीच्या पेट्रोल मोटारीला तो १०,६४० रुपये, माझ्या गाडीच्या वर्गाला ९,०४४. इलेक्ट्रिकला पंधरा टक्के सूट. रस्ताकर माफ, नोंदणी शुल्क शून्य. पावतीवरची शून्यं मी बोटाने मोजली. सरकारी पावतीवर आपल्या बाजूने शून्य असण्याची सवय नसते.

२२ जुलैला जीए ०५ ने सुरू होणारा नंबर पडला, २३ ला गाडी घरी आली. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. टॅक्सी असती तर अक्षरं पिवळी असती. आईने कुंकू लावलं, नारळ फोडला आणि विचारलं, "आवाज कित्याक येना?" ती अजून गाडी चालू आहे की बंद हे मला विचारूनच बसते.

२६ जुलैला ऑनलाइन अर्ज भरला. आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला), बिल, आधार, बँक पासबुकचं पहिलं पान. रात्री साडेअकराला, पावसात दोनदा वीज जाऊन आल्यावर, एकदाचा पोचपावतीचा क्रमांक आला. त्याचा फोटो काढून ठेवला आणि झोपलो.

चवथीचे दिवस गेले. १४ सप्टेंबरला संदेश: अर्जात त्रुटी. बँक खात्यावरचं नाव आधारशी जुळत नाही.

मी पासबुक काढलं. वीस वर्षं वापरतोय ते खातं. बाबांनी मी कॉलेजात असताना उघडून दिलेलं. फॉर्म त्यांनी भरला होता आणि माझं आडनाव त्यांच्या सवयीने लिहिलं होतं: क्यू, यू, ई. पगार त्यात येत होता, हप्ता त्यातून जात होता, आणि मी कधी नीट वाचलंच नव्हतं. बाबांचं नाव मीटरवरून काढताना आई जे म्हणाली होती ते आठवलं. या घरात त्यांच्या नावाने काही यायचं नाही म्हणाली खरी, पण त्यांचं अक्षर माझ्या पासबुकात बसून होतं.

दोष कोणाचाच नाही, माझाच. आधी बघायला हवं होतं. दुसरं खातं द्यावं तर अर्जात खातं बदलायची सोय मला सापडली नाही, म्हणून त्याच खात्यावरचं नाव बदलायला घेतलं. पुन्हा प्रतिज्ञापत्र, या वेळी माझ्या नावाचं. पुन्हा अडीचशे. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आधार. शाखेत तीन फेऱ्या. मधे दिवाळीच्या सुट्ट्या. नव्या नावाचं पासबुक ३ नोव्हेंबरला हातात आलं, ७ ला अर्ज दुरुस्त करून पाठवला. एका अक्षरापायी पावणेदोन महिने गेले. सरकारी योजनेचा कुठलाही अर्ज भरण्यापूर्वी आधार, पॅन, पासबुक आणि आरसी टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावं मुलाकडून वाचून घ्या. आपल्याला आपलं नाव वाचता येत नाही, नजर पुढे सरकते.

त्यानंतर वाट बघणं. दर सोमवारी स्थिती बघायची, एवढंच काम. फेब्रुवारीत मंजूर असा शेरा दिसला. ऑफिसातले विचारायचे, "आले काय रे पैसे?" मी पहिल्यांदा खुलासा करायचो, नंतर नुसता हसायचो.

दरम्यान गाडी धावत होती. खरं सांगायचं तर कंपनीच्या चाचणीतला आकडा तीनशेच्या वरचा. फर्मागुढीचा चढ, एसी आणि माझा उजवा पाय यांच्यासह मला दोनशे ते दोनशे वीस मिळतात. रोज साठ जायचं असेल तर ते भरपूर आहे, तीन दिवसांतून एकदा लावली की झालं. फर्मागुढीहून म्हार्दोळकडे उतरताना ब्रेकमधून बॅटरीत थोडं परत जमा होतं, ते बघायला मुलीला आवडतं. विजेचं बिल महिन्याला हजाराच्या आसपास वाढलं. चारशे युनिटांच्या वर गेलो की वरचा दर लागतो, हे आधी माहीत नव्हतं. पेट्रोलचे दहा हजार गेले, हजार आले. पण हप्ता जवळजवळ चौदा हजार आहे, हेही सांगायला हवं. वाचलेल्या पेट्रोलात हप्ता बसत नाही. जुनी गाडी नाहीतरी बदलायची होती म्हणून आम्ही गेलो. रोजचं धावणं वीस-पंचवीस किलोमीटरचं असेल आणि गाडी चांगली असेल तर मी म्हणेन थांबा.

एकदा चोर्ल्याच्या घाटातून बेळगावला गेलो. वर चढताना टक्के झरझर उतरले आणि जिथे चार्ज करायचं ठरवलं होतं तो चार्जर बंद निघाला. एका उपाहारगृहाच्या मालकाने डोशाच्या पिठाचा ग्राइंडर काढून त्याच्या प्लगला गाडी लावू दिली. त्याचं अर्थिंग उत्तम होतं. अडीच तास बसलो, चार वेळा चहा घेतला. लांब जाताना एक नाही, दोन चार्जर हेरून निघा, आणि एक लांब वायर डिकीत असू द्या.

परवा ११ एप्रिलला, मंगळवारी, संध्याकाळी घरी आल्यावर इलेक्ट्रिशियनचं बोलणं आठवलं. उन्हाळा लागला, आळ्यात पाणी घालायला हवं. विहिरीतून बादली ओढली आणि ओतत होतो तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बँकेचा संदेश. २,६०,००० जमा. नाव शेवटी साधा के.

आई मागच्या दारात उभी होती. "कोण रे?"

"सरकार," म्हटलं.

ती म्हणाली, मग दुसरी बादलीपण घाल, माती तशीच सुकी दिसते.